वार पाळणारा

"वहिनी, आज वार काय?"

दुकानाच्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून तो हे विचारायचा. वार त्याला माहीत असायचाच. माझ्या मागे एवढं मोठं कॅलेंडर टांगलेलं. पण मी "गुरुवार" म्हटलं की तो मान डोलवायचा आणि मग शर्टाच्या आतल्या खिशातून चौकोनी घडी घातलेली चिठ्ठी काढायचा. काउंटरवर दुसरं गिऱ्हाईक असेल तर मोठ्याने म्हणायचा, "आमची ती बीपीची द्या."

बीपी त्याला नव्हतं. मी पोलादपुरात मेडिकल चालवते, कोणाला काय आहे ते चिठ्ठीवरून कळतं. आणि कोण काय लपवतो तेही कळतं. तुम्ही कधी मेडिकलच्या दारात पाच मिनिटं उभे राहून बघा, निम्मं गाव बीपीचं नाव सांगून भलतंच काहीतरी नेत असतं.

तो आंबेनळी घाटाच्या अंगाला असलेल्या वरच्या वाडीतला. पोलादपूर ते घाटातली गावं अशी त्याची जीप चालायची. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, बोलायला मऊ. म्हाताऱ्या माणसाला उतरवताना स्वतः खाली उतरून हात द्यायचा. बायका मुद्दाम त्याच्याच गाडीची वाट बघत बसायच्या.

त्याला भीतीचा त्रास कधी सुरू झाला ते त्याने एका दुपारी सांगितलं, दुकानात कोणी नव्हतं तेव्हा. रोजचंच वळण, रोजचीच गाडी, आणि अचानक हात ओले झाले, छातीत धडधडायला लागलं, आता आपण मरणार असं वाटलं. त्याने गाडी बाजूला घेतली आणि माणसांना सांगितलं की इंजिन तापलंय. बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. धडधाकट रेडिएटरला तो पाणी पाजत उभा, आणि मागून एक म्हातारा म्हणाला, "हिला डायबेटिस झालाय रे, तपासून घे." हे सांगताना तो हसला होता. मीही हसले. मग म्हणाला, "वहिनी, ते हसत होते तवा मी रडत होतो बॉनेटच्या आड."

महाडला जाऊन त्याने छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. काही निघालं नाही. तिथल्या डॉक्टरांनी त्याला मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि गोळ्या सुरू झाल्या. रोज एक. मी पाकीट देताना सांगितलं, "हे बघा, दारू आणि ही गोळी एकत्र घ्यायची नाही." तो म्हणाला, "कळला." चांगलं दोन वेळा म्हणाला.

सहा-सात महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की याच्या गोळ्या संपतच नाहीत. महिन्याच्या गोळ्या दीड महिन्याच्या वर जातात. मी खडसावून विचारलं. तर गडी अगदी अभिमानाने सांगायला लागला. सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी गोळी. बुधवार, शुक्रवार, रविवार मच्छीमटणाचे वार, त्या दिवशी थोडी दारू, मग गोळी नाही. संकष्टी बुधवारी आली तर गोळी.

"एकत्र घेत नाय ना पन? तुमीच सांगितलात. मी वार पाळतो."

मी कपाळाला हात लावला. त्याने गोळीचा उपवास करून टाकला होता. वर म्हणाला, "श्रावणात लय बरा वाटतो मला. शंकराची कृपा." अरे बाबा, श्रावणात तू महिनाभर रोज गोळी घेतोस आणि पीत नाहीस, शंकराला कशाला मध्ये आणतोस.

त्या दिवशी मी त्याला चांगला अर्धा तास धरून ठेवला. आज घेतलेली गोळी उद्याही अंगात असते, हे सांगितलं. एक दिवस सोडली की भीती दुप्पट होऊन येते, मग ती दाबायला माणूस पितो, आणि सकाळी ती अजून मोठी होते. तो काउंटरच्या काचेकडे बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे एवढे दिवस मी मलाच घाबरवत होतो." तो काही अडाणी नव्हता. चूक माझीही होती. मी एक वाक्य सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

त्याने दारू सोडली. खरंच सोडली. चार महिने तो रोज गोळी घेत होता, चेहरा भरला होता, आणि वार विचारायचं त्याने बंद केलं होतं.

मग माघ आला आणि राखण आली. त्यांच्या वाडीत दरवर्षी वेशीवरच्या राखणदाराला कोंबडा आणि दारू देतात. त्याचा मान ह्याच्या घराकडे. देवाला धार घालायची आणि उरलेला पेला मानकऱ्याने सगळ्यांच्या देखत संपवायचा. तो आठवडाभर आधी दुकानात आला, आणि त्याचा चेहरा बघूनच मला कळलं.

"एकच पेला, वहिनी. तीर्थ म्हणून."

"नाही. भावाला द्या की मान. मुंबईहून येतोय ना तो?"

"मी गावात असताना भावाने? मी काय मेलो?"

"मग सांगा त्यांना खरं."

त्याने दाराकडे बघून घेतलं. मग अगदी हळू म्हणाला, "घाटात गाडी चालवणाऱ्याला डोक्याची गोळी चालू हाय, असा कळला तर कोन बसेल माझ्या गाडीत? सांगा तुमी. तुमी बसाल?"

मी बसेन म्हटलं. म्हणायला काय जातंय.

राखण रविवारी झाली. सोमवारी सकाळी मला घाटातल्या एका गावात नणंदेच्या नातीच्या बारशाला जायचं होतं. स्टँडवर त्याचीच जीप उभी होती. मला बघून त्याने नजर फिरवली, पण पुढची जागा रिकामी करून दिली. मागे नऊ माणसं, त्यात एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन.

बसल्या बसल्या वास आला. वर बडीशेप आणि खाली रात्रीची दारू. गाव मागे पडलं, चढण सुरू झाली. तो सारखा तळहात पँटला पुसत होता आणि श्वास तोंडाने घेत होता. दुसऱ्या वळणावर त्याने हॉर्न दिलाच नाही. वरून ट्रक आला, त्याने करकचून ब्रेक मारला, मागचे सगळे एकमेकांवर आदळले. "झोपलास काय रे?" कोणीतरी ओरडलं. गाडी पुन्हा निघाली.

मी हळूच विचारलं, "किती दिवस घेतली नाही?"

"शुक्रवारपासून. राखणीसाठी आंग साफ करायला. गप बसा, वहिनी."

मी पुढचं वळण येईपर्यंत गप्प बसले. डाव्या हाताला दरी, आणि गाडी कठड्याकडे सरकत होती. त्याला ते दिसत नव्हतं, किंवा दिसून हात वळत नव्हता. मागे ते मूल रडत होतं.

"थांबवा गाडी." मी मोठ्याने म्हटलं. "तुमची गोळी बंद आहे आणि काल तुम्ही प्यायलात. थांबवा."

त्याने थांबवली. हँडब्रेक ओढला, खाली उतरला, सवयीने मागच्या चाकाला दगड लावला. मग परत येऊन चावी माझ्या हातात दिली.

"कसली गोळी?" मागून कोणीतरी विचारलं.

मी काही बोलणार तेवढ्यात तोच म्हणाला, "डोक्याची." आणि रस्त्याच्या कडेकडेने खाली पोलादपूरच्या दिशेने चालू लागला. मी हाक मारली नाही. मारायला हवी होती.

जीप दुपारी त्याच्या भावाने खाली आणली. त्यानंतर गावात जे बोलणं झालं ते ऐकून माझं डोकं फिरलं. रात्रीची दारू अंगात असताना त्याने गाडी चालवली, याचं कोणालाही काही वाटलं नव्हतं. राखणीची दारू ती, असं म्हणून मोकळे. सगळे बोलत होते ते गोळीचं. "येडाच होता काय मंग? आमी पोरंबाळं घेऊन बसत होतो त्याच्या गाडीत." बायका दुसऱ्या जीपची वाट बघायला लागल्या. शिमग्याच्या आत गाडी विकली गेली आणि तो मुंबईला वॉचमन म्हणून गेला. जाण्यापूर्वी दुकानात आला नाही. गोळ्या घ्यायलाही नाही.

नऊ माणसं वाचली, असं मी स्वतःला सांगते. ते खरंही आहे. पण त्याने मला विश्वासाने दाखवलेली चिठ्ठी मी भर रस्त्यात वाचून दाखवली, हेही खरं आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

पावसाळ्यानंतर त्याची बायको गुडघ्याचं मलम घ्यायला आली. मी नंबर मागितला. तिने काही न विचारता दिला. दुपारी दुकान रिकामं झाल्यावर मी फोन लावला.

"कोन?"

"मी. मेडिकलमधली वहिनी."

पलीकडे कोणत्यातरी इमारतीचं गेट सरकवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "गोळी रोज घेतो, वहिनी. एक दिवस चुकवत नाय."

"आणि दारू?"

गेट परत सरकलं.

"दुसरा काय विचारू नका."

मी विचारलं नाही.