शकीलभाईंनी पुसलेलं कुंकू

शहाद्याच्या बसस्टँडजवळ शकीलभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या ऑर्डरी केव्हाच तरुण पोरांनी नेल्या. यांच्याकडे उरली ती गेलेली माणसं. लोक मोबाइलमधला रंगीत फोटो आणतात आणि भिंतीवरच्या आईबापांच्या तसबिरींशेजारी शोभावा म्हणून ब्लॅक अँड व्हाइट करून मागतात. शकीलभाई कॉम्प्युटरवर आधी त्यातला लाल रंग उजळवतात, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल-पिवळं सगळं पांढरं पडतं. चेहरा गोरा होतो, सुरकुत्या विरतात. रसिकहो, अशी रंगभूषा मी कुठल्याच तमाशात पाहिली नाही!

मार्चमध्ये दोधूआबा आले, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांची बायको मोहिनीबाई काविळीनं गेली होती आणि दहाव्याला फोटो हवा होता. शेवटच्या फोटोत तिचे डोळे हळदीसारखे पिवळे. शकीलभाईंनी लाल वाढवला, तसे ते पांढरेशुभ्र झाले. मी शेजारीच बसलो होतो. "वा!" म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी आबा फ्रेम घेऊन परत आले.

"शकीलभाऊ, तू ते मालेच मारी टाकं!"

"काय व्हयनं, आबा?"

"तिन्हं कुकू कोठे गयं? बाया इचारी ऱ्हायन्यात, दोधू कव्हय मरी गया?"

कपाळ कोरं होतं. लाल उजळताना कुंकूही पांढरं होऊन कातडीत मिसळलं होतं. सवाष्ण गेलेली बाई फोटोत विधवा झाली होती. चाळीस वर्षं स्त्रीपार्टासाठी मी आरशासमोर कुंकू रेखलं, आणि मलाही ते दिसलं नव्हतं.

शकीलभाईंनी कान पकडले आणि मूळ फोटो पुन्हा उघडला. या वेळी लाल सोडून हिरव्यावर भर दिला, त्यात लाल तेवढं काळं पडतं. कुंकू काळंभोर उमटलं, डोळेही पांढरेच राहिले. पण चेहरा काळवंडला. बसलेली गालफडं, ओठांभोवतीच्या रेषा, आठ महिन्यांचं दुखणं सगळं वर आलं.

"आबा, आते दुखनं दिखस. थोडं पुसू का?"

आबा स्क्रीनजवळ वाकले.

"नको रे भाऊ. त्या रेघा मन्हा डोयासमोर पडन्यात."

शकीलभाईंनी प्रिंट काढून दिली. प्रिंट कोरडीच होती, तरी आबा तिच्यावर हलकेच फुंकर घालत राहिले.