ओठावरची तार

एस्तेरबाई तार ओठावरून ओढून पाहायच्या. डोळे मिटायच्या, खालचा ओठ जरा पुढे काढायच्या आणि तारेचं टोक त्यावरून हळू सरकवायच्या. नव्या माणसाला वाटे, बाईला खूळ लागलंय. मलाही वाटलं होतं. मी चौथी शिकलेली, नुकतीच लग्न होऊन चिंचवडला आलेली. नवरा दिवसभर कारखान्यात, आणि बाई शेजारच्या खोलीत एकट्या, म्हणून मी त्यांच्या हाताखाली कामाला जाऊ लागले. मूळच्या नगरकडच्या, मिशनच्या शाळेत लेस शिकलेल्या. मांडीवर घट्ट गोल उशी, उशीत टाचण्या, आणि तार गुंडाळलेल्या लाकडी बॉबिन एकमेकींवरून टाकत विणलेली जाळी. सुताची लेस करणाऱ्या पुष्कळ असतील. तारेची करणाऱ्या आमच्याकडे त्या एकट्याच.

"डोळा खुशामत करतो," त्या म्हणायच्या. "ओठाला खुशामत येत न्हाई."

खरी गोष्ट अशी की त्यांचे डोळे अधू होत चालले होते, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. गिऱ्हाइकांना कळलं असतं तर काम बंद पडलं असतं. म्हणून माप मी घ्यायची. विणायच्या सुईवर दोन खुणा केलेल्या होत्या. त्यांच्यामध्ये तार वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळायची आणि वेढे मोजायचे. वेढे जास्त तर तार बारीक. बाईंनी बजावलेलं असायचं, "वाकडी तार बोटानं दाबून नीट कर. ओढू नको. ओढली की बारीक होती, मग माप खोटं."

पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतल्या ईश्वरीबाई एकदा दुपट्टा घेऊन आल्या. त्याला त्यांच्या आईच्या हातची रुपेरी तारेची किनार होती आणि वीतभर किनार तुटून गेली होती. मुलीचं लग्न नऊ दिवसांवर.

"बाई, ससुरालवाले हाथ में लेके देखेंगे. जोड दिखना नहीं चाहिए."

"दिसला तर माझं नाव बदला," बाई म्हणाल्या. तुटलेल्या किनारीतला तारेचा तुकडा त्यांनी ओठावर फिरवला आणि माझ्या हातात दिला.

तुकडा फार पिळलेला होता. दाबून सरळ होईना, सुईवर बसेना. मी एक टोक दातात धरलं आणि दुसरं ओढलं. छान सरळ झाला. बावीस वेढे भरले. पुण्याला जाऊन मी त्याच मापाची तार आणली.

बाईंनी नवी तार ओठावर धरली. बराच वेळ धरली.

"सखू, नमुना ओढला न्हाईस ना?"

"नाही," मी म्हणाले.

त्या विणायला बसल्या. दुसऱ्या दिवशी मी नवा पट्टा जुन्याशेजारी ठेवून पाहिला. जुनी जाळी ताठ होती आणि नवी लुळी. सांगितलं तर बाई मला काढून टाकतील. नाही सांगितलं तर लग्नात दुपट्टा मांडवभर फिरेल आणि जोड सगळ्यांना दिसेल. चार दिवस मला जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, "काही आनंदाची बातमी आहे का?" मी त्याच्यावरच ओरडले. इकडे बाई विणतच होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी मी सांगून टाकलं. बाईंनी बॉबिन खाली ठेवल्या.

"ओठाला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग थांबवलं का नाही?"

"आता माझे डोळे म्हंजी तू. डोळा खोटं बोलला तर किती दिवसांनी खरं सांगतो, ते मला बघायचं होतं."

मग दुपट्ट्याच्या किनारीतलं तारेचं एक सुटं टोक मी न ओढता मोजलं. वीस वेढे. दुपारपर्यंत पुण्याहून तार आणली. पहिला पट्टा टाकून सगळं नव्यानं विणायचं, म्हणून उरलेले दिवस बाई उजाडल्यापासून अंधारेपर्यंत दारात, उन्हाकडे तोंड करून बसल्या. चकाकणारी तार आणि वरून ऊन. डोळ्यांतून पाणी गळायचं, ते खांद्याला पुसायच्या. मी पदर पुढे केला तर म्हणाल्या, "तू टाचण्या मोज."

लग्नाच्या आदल्या दिवशी ईश्वरीबाई आल्या. किनारीवरून तीनदा बोट फिरवलं. "कहाँ से जोडा?" बाई म्हणाल्या, "ते मलाबी सापडत न्हाई आता." ईश्वरीबाई हसल्या. मला हसू आलं नाही, कारण ते खरं होतं.

त्यानंतर बाईंना टाचणीचं डोकंही दिसेना. महिन्याभरात त्या बहिणीकडे नगरला गेल्या. जाताना खुणांची सुई मला दिली. "वाकडी तार आली तर?" त्यांनी विचारलं. "दाबून," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि टांग्यात बसल्या. पुढे दोन वर्षांनी त्या गेल्याचं बहिणीचं पत्र आलं.

लोक म्हणाले, वयानं डोळे गेले. गेले असतील. पण त्यात माझ्या खोट्याचे चार दिवस होते.