मिलिमीटरमामाने कॉम्प्युटर बांधला

माझ्या मामाला ऑफिसात तोंडावर सगळे 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'मिलिमीटर'. एकतीस वर्षं तो एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होता. साहेबांनी कागदावर चार फरकाटे मारून घर सुचवायचं आणि गवंड्याला बांधता येईल असा त्याचा नकाशा मामाने काढायचा, असं ते काम. त्यातही जिने म्हणजे मामाचा हातखंडा. पायऱ्या किती, प्रत्येकीची उंची किती, वळणावर उंच माणसाचं डोकं तुळईला लागेल का, हे त्याला नुसतं बघून कळायचं. कुणाच्या घरी गेला तरी आधी जिना चढताना पायऱ्या मोजायचा, मग यजमानांना नमस्कार.

ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा साहेबांनी सगळ्यांना शिकायला सहा महिने दिले होते. मामा चार दिवस बसला. पाचव्या दिवशी उठला आणि म्हणाला, "यात रेघ काढल्यासारखं वाटतच नाही." साहेबांनी त्याला काढून टाकलं नाही, पण जुने नकाशे ठेवायच्या खोलीत पाठवलं. गुंडाळ्यांवर नंबर घालायचे आणि कुणी मागितली की शोधून द्यायची. त्याच्या टेबलावर एक मुलगी बसली. तिला शाईने रेघ ओढायला मामानेच शिकवलं होतं. तो तिच्याबद्दल कधी वाईट बोलला नाही, पण चांगलंही बोलला नाही. पुढे तिने स्वतःचं ऑफिस काढलं, तिचे केस पिकायला लागले, तरी मामा तिला 'ती नवीन मुलगी'च म्हणत राहिला. सतरा वर्षांत दोघांचं बोलणं लग्नकार्यात भेटल्यावर "बरं आहे ना?" एवढंच.

निवृत्त झाल्यावर तो घरी खिडकीपाशी बोर्ड लावून स्वतःसाठी जिने काढायचा. कुणी सांगितलेले नाहीत, कुठे बांधायचे नाहीत, असेच. दोन वर्षं मजेत गेली. मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, "जिवाला धोका काही नाही. पण जाणारही नाही." मामाने पेनं पुसून डब्यात ठेवली आणि डबा कपाटात टाकला. त्यानंतर तो सकाळी पेपर घेऊन बसायचा आणि टेंडरच्या जाहिरातींसकट सगळा वाचून काढायचा. मामीला ते बघवत नव्हतं. "भांडतही नाही गं हल्ली," ती मला फोनवर म्हणाली.

मी एका छापखान्यात लेबलं आणि खोक्यांवरची डिझाइनं करते. एका दुपारी मामा सहज माझ्या ऑफिसात आला आणि खुर्ची ओढून मागे बसला. मी एक चौकट आखत होते.

"ही रेघ सरळ कशी गेली?" त्याने विचारलं.

"शिफ्टचं बटण दाबून धरलं की सरळच जाते."

"हात हलला तरी?"

"हलू दे की."

"उठ जरा."

तो माझ्या जागेवर बसला. डाव्या हाताने बटण दाबलं, उजव्या हाताने माउस ओढला. हात चांगलाच थरथरत होता. पडद्यावरची रेघ मात्र ताठ. त्याने ती पुसली, पुन्हा काढली. मी चहा घेऊन आले तरी त्याचं तेच चालू होतं. चहा निवला. जाताना एवढंच म्हणाला, "मला कॉम्प्युटर बांधायचाय."

"घ्यायचाय म्हण."

"बांधायचाय. आत काय आहे हे माहीत नसलेल्या वस्तूवर मी काम करणार नाही."

दुसरंही कारण होतं, ते मामीने सांगितलं. त्यांची एक ठेव नुकतीच मोकळी झाली होती. मामीने तिचे दोन भाग केले आणि मामाला म्हणाली, "हा तुमचा. यात कॉम्प्युटर बांधा नाहीतर विमान बांधा. माझ्या भागाला हात लावायचा नाही." त्या रकमेत तयार मिळणारे कॉम्प्युटर नकाशाच्या कामाला अगदीच मरतुकडे होते. सुटे भाग घेऊन जोडला तरच काही जमण्यासारखं होतं.

मामाने मोठा कागद घेतला आणि त्यावर सुट्या भागांचा तक्ता आखून देण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण त्याला स्वतःची वाकडी रेघ बघायची नव्हती. पंधरा दिवस त्याने व्हिडिओ बघितले. प्रोसेसर म्हणजे सगळं गणित करणारा, मदरबोर्ड म्हणजे ज्यावर बाकीचे बसतात तो पाट, रॅम म्हणजे काम करताना हाताशी लागणारं टेबल, असं तो मामीला जेवताना समजावून सांगायचा. मामी म्हणायची, "वाढू का अजून?"

एका शनिवारी आम्ही दोघं सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदार बोलका होता. त्याने सगळ्यात आधी काचेचा कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग बसवायचं खोकं, दाखवला. बटण दाबल्यावर आतले पंखे निळे, जांभळे, हिरवे व्हायला लागले.

"आत लग्न आहे का कुणाचं?" मामाने विचारलं.

"काका, हल्ली हेच चालतं."

"मला चालणारं नकोय, टिकणारं हवंय."

मग दुकानदाराने ग्राफिक्स कार्ड काढलं. पडद्यावरचं चित्र रंगवायला असलेला हा वेगळा भाग, चांगला विटेएवढा जाड. "नकाशाचं काम म्हणता ना? मग याच्याशिवाय होणारच नाही." त्याची किंमत ऐकून मामाने खिशातला टेप काढून कार्डाची लांबी मोजली. बहुधा वेळ काढायला. मग म्हणाला, "हे घेतलं तर बाकीचा कॉम्प्युटर मला पुठ्ठ्याचा करावा लागेल."

घरी आल्यावर तो तक्त्यासमोर बसून राहिला. व्हिडिओवाले म्हणत होते, कार्ड हवंच. एक जण म्हणत होता, अजिबात नको. ते सगळे खेळ खेळणारे, नाहीतर सिनेमे जोडणारे. रोज आठ तास भिंती आणि जिने काढणारा माणूस त्यात एकही नव्हता.

"मग रोज काढणाऱ्या माणसाला विचारा," मामी भाजी चिरता चिरता म्हणाली.

"असं कोण आहे?"

"तुमची ती नवीन मुलगी."

मामा उठून बाल्कनीत गेला. दोन दिवस त्याने तक्त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी तिथे होते म्हणून ऐकायला मिळालं. त्याने फोन लावला आणि उभा राहून बोलला, "नमस्कार. तुमचा थोडा वेळ हवा होता. तुम्हाला सवड असेल तेव्हा." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "उद्या अकराला या म्हणाली." मग थोडं थांबून, "मी अहो-जाहो केलं म्हणून हसली."

त्या 'नवीन मुली'चं, म्हणजे बाईंचं, ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. मामा जिन्यात तीनदा थांबला. दमला म्हणून नाही, कठड्याची उंची बघायला. बाई दारातच उभ्या होत्या.

"या सर. वीस पायऱ्या आहेत. मोजल्यात ना?"

"एकवीस. तळची अर्धी फरशीत गेलीय."

बाईंनी मामाचा तक्ता टेबलावर पसरला आणि पेन्सिल घेतली. मामा खुर्चीच्या टोकावर बसला होता. बाई वाचत गेल्या, मग थेट ग्राफिक्स कार्डावर काट मारली.

"तुम्ही सपाट नकाशे काढणार, का पुढे घराच्या आत फिरून बघता येईल अशी चित्रं करणार?"

"नकाशे. चित्रं साहेब लोकांनी करावीत."

"मग हे नको. ज्या प्रोसेसरच्या पोटातच चित्राची सोय असते तो घ्या. खूप कोअरच्या मागे लागू नका. या कामात एकच गडी राबतो आणि बाकीचे बघत बसतात. तो एक चपळ हवा." मग रॅम. "सोळा जीबी. पण आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या, जोडीने जास्त बऱ्या चालतात. आणि बोर्डवर चार खाचा असू द्या, पुढे वाढवता येईल. कॅबिनेट साधा. वीज देणारा सप्लाय मात्र स्वस्तातला घेऊ नका. तो बिघडला की सगळ्यांना घेऊन जातो."

एवढ्यात चहा आला. मामाने कप उचलला आणि तो बशीवर वाजायला लागला. त्याने तो पटकन खाली ठेवला. बाईंनी बघितलं, मी त्यांना बघताना बघितलं. खाली बघून पुन्हा लिहायला लागल्या. वाचलेल्या पैशांत मॉनिटर तीन इंचांनी मोठा केला. मग 'माउस' खोडून लिहिलं 'ट्रॅकबॉल'.

"हे काय?" मामाने विचारलं.

"याच्यात माउस जागचा हलत नाही. वर गोळा असतो, तो बोटांनी फिरवायचा. हात टेबलावर टेकलेला राहतो." आणि मग, तक्त्याकडेच बघत, "माझा खांदा दुखतो म्हणून मीही तोच वापरते."

खाली उतरताना मी मामाला म्हटलं, "त्यांच्या टेबलावर तर साधा माउस होता."

"दिसला मला," मामा म्हणाला.

भाग येत गेले, आणि खोकी मामीच्या शिवणयंत्रावर चढत गेली. एका रविवारी सकाळी नाश्ता उरकून मामाने जेवणाचं टेबल पुसून घेतलं. मी सूचना वाचायच्या, मामाने करायचं असं ठरलं. प्रोसेसर बसवण्यापर्यंत सगळं ठीक चाललं होतं. बिस्किटाएवढा चौकोन तो, खालच्या बाजूला केसांसारख्या शेकडो पिना. त्या पिना मदरबोर्डवरच्या भोकांत अलगद बसवायच्या, जोर अजिबात लावायचा नाही. मामाने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तरी ऐनवेळी हात उडाला आणि प्रोसेसर टेबलावरून फरशीवर पडला.

उचलून पाहिलं तर एका कोपऱ्यातल्या चार पिना वाकल्या होत्या.

मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, पिना वाकल्यावर कंपनी बदलून देत नाही." मामा खुर्चीवर बसला. नव्या प्रोसेसरइतके पैसे त्याच्या भागात आता उरले नव्हते. मामीने आपल्या पर्सकडे बघितलं, आणि ते मामाने पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "तसं ठरलेलं नव्हतं."

मामी आत गेली. अर्ध्या तासाने बेल वाजली तर दारात बाई. मामीने परस्पर फोन केला होता.

बाईंनी प्रोसेसर खिडकीच्या उजेडात धरला. "तुटलेली नाहीये एकही. वाकल्यात फक्त. चिमटा आहे?"

"चिमट्याने मोडेल," मामा म्हणाला. तो उठला, कपाट उघडलं आणि कित्येक महिन्यांनी तो डबा बाहेर काढला. आतून क्लच पेन्सिल घेतली, पॉइंट पाचची. तिची शिस काढून टाकली. पुढची पोकळ धातूची नळी भिंगाखाली धरून त्याने पिनेच्या जाडीशी ताडून पाहिली. "ही पिनेवर अशी चढवायची आणि हळूच उभी करायची." आणि पेन्सिल बाईंच्या हातात दिली. "माझ्याच्याने नाही व्हायचं."

बाईंनी चष्मा वर सरकवला. पेन्सिल पिनेजवळ नेली आणि थांबल्या. आता त्यांचाच हात थोडा हलत होता.

"कोपर टेकव," मामा म्हणाला. "दोन्ही. हां. आता श्वास सोड. पूर्ण सोड. आणि संपत आला की मग हात हलव."

पहिली पिन उभी राहिली.

"घाई करू नकोस. बघ तिच्याकडे. पुन्हा श्वास घे."

दुसरी. तिसरी. चौथीला जरा वेळ लागला. मी आणि मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो, आम्हीही श्वास सोडत होतो. शेवटी बाईंनी प्रोसेसर मामापुढे धरला. मामाने भिंगातून आडवा-उभा बघितला, पट्टी लावल्यासारखा.

"चांगलंय," तो म्हणाला.

बाईंनी तो बोर्डवर ठेवला आणि तो आपल्या वजनाने खाली बसला. बाकीची जोडणी मामाने केली. स्क्रू फिरवताना दोन पडले, मामीने झाडूने गोळा केले. दुपारी दोनला सगळं झालं. मामाने बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. आम्ही तिघं वायरी तपासत सुटलो. मामी मागून वाकून बघत होती, ती म्हणाली, "इथे एक खटका आहे, त्यावर शून्य आणि रेघ आहे, तो शून्याकडे दाबलेला आहे. रेघेकडे दाबायचा असतो का?"

तिने खटका रेघेकडे दाबला. मामाने बटण दाबलं. पंखा फिरला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली. त्यात रॅमचे सोळा दिसत होते. मामीने सांगितलं, "आता तरी जेवायला बसा," आणि बाई हात धुवायला गेल्या.

शिकायला त्याला आठ महिने लागले. पहिले दोन महिने तर तो त्या मशीनला रोज शिव्या घालायचा. मामी खूश होती, घरात भांडण परत आलं होतं. बाई दर बुधवारी यायच्या. मामा वहीत लिहून घ्यायचा, आणि चुकलं की, पूर्वी मामाने त्यांना ज्या आवाजात सांगितलं असेल त्याच आवाजात त्या सांगायच्या. "सर, घाई होतेय." एकदा मामा चिडून उठून गेला. पुढच्या बुधवारी मात्र साडेदहापासून दाराकडे बघत बसला.

आता तो त्यांच्या ऑफिसची कामं घरून करतो. फक्त जिने. बाई नकाशा पाठवतात तेव्हा जिन्याची जागा रिकामी सोडतात आणि तो ती भरून परत पाठवतो. गेल्या महिन्यात एका दवाखान्याचा जिना होता. त्याने फोन करून सांगितलं की दिलेल्या जागेत स्ट्रेचर वळणार नाही, भिंत सरकवावी लागेल. बाई म्हणाल्या, भिंत ठरून गेलीय. मामा म्हणाला, "मग पेशंटला वाकायला सांग." तासभर वाद झाला. मामी मधूनच म्हणाली, "फोन स्पीकरवर टाका, मला पण ऐकू दे." शेवटी भिंत सरकली.