ज्याला मारलं त्याची चाकरी

मावशींच्या पाळणाघरात सॉरी म्हणायची पद्धत नव्हती. म्हणायच्या, जिभेला काय, हाड नसतं. तिथला कायदा एकच: ज्याला मारलं त्याची चाकरी करायची. त्याला पाणी आणून द्यायचं, त्याच्या चादरीची घडी घालायची, तो म्हणेल ते वाचून दाखवायचं. दोन खोल्यांत बावीस वर्षं त्यांनी लोकांची पोरं सांभाळली ती याच कायद्यावर. स्वतःचं मूल नाही हे कुणी काढलंच, तर म्हणत, म्हणून तर डोकं शाबूत आहे.

त्या दुपारी फटाकडीनं प्रोफेसरच्या कपाळावर लाकडी ठोकळा हाणला. फटाकडी सात वर्षांची, नावासारखीच. प्रोफेसर सहाचा, चष्मेवाला, मुंगीलाही वाट देणारा. भांडण खिडकीजवळच्या गादीवरून. तो आडवा झाला, रक्त आलं. मावशी धावत आल्या, तर फटाकडी त्याच्याकडे बघत शांतपणे आकडे मोजत होती.

"काय मोजतेस गं?"

"पाच झाले की उठतात. मग परत खेळायचं."

तिचे बाबा घरून काम करत आणि हिनं मधे लुडबुड करू नये म्हणून हातात मोबाइलवरचा बंदुकांचा गेम देत; त्यात मेलेला पाच मोजेपर्यंत परत उठायचा. मावशींनी मोबाइलला उगाच बोल लावला नसता. मोबाइल नव्हते तेव्हाही पोरं कडकडून चावायची. एकाच्या दातांची खूण अजून त्यांच्या दंडावर होती. पण रक्त बघून ती पोरं स्वतःच भोकाड पसरायची. ही मोजत होती.

जखम खोल नव्हती, टेंगूळ मात्र लिंबाएवढं. प्रोफेसरच्या आईनं फोनवर बजावलं, एक तर ती मुलगी तिथे राहील, नाहीतर माझा मुलगा. फटाकडीच्या बाबांनी, आपणही हेच खेळलो, कुणाचा खून केला नाही, असं ऐकवलं. मावशी म्हणाल्या, तुमचं कौतुक आहे, पण उद्यापासून तुमचं काम संपेपर्यंत पोर माझ्याकडे राहील, आणि मोबाइल तुमच्याकडे.

मग त्यांनी फटाकडीला टेंगळावर ओलं फडकं धरायला बसवलं. हात दुखायला लागला तशी तिनं विचारलं, हा कधी बरा होणार?

"चार-पाच दिवस लागतील."

"दिवस?" फटाकडीचा चेहरा पडला, आणि तिनं गळाच काढला. मावशींचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी प्रोफेसरची आई ऑफिसमधून तडक आली.

"हिला मी काढणार नाही," मावशी म्हणाल्या. "लागलेलं किती दिवस दुखतं, ते बघायला ही इथेच हवी. तुम्ही मुलाला नेलंत तर वाईट वाटेल, पण बोल लावणार नाही."

आईनं मुलाचा हात धरला. "चल," ती मुलाला म्हणाली.

प्रोफेसर हलला नाही. अजून चार दिवस चाकरी बाकी आहे, असं त्यानं सावकाराच्या थाटात सांगितलं आणि बूट पुढे केला. फटाकडी खाली बसली, जीभ बाहेर काढून नाडी बांधू लागली. गाठ सुटली. तिनं परत बांधली.

आईनं पर्स खाली ठेवली.

"ओढून बांध गं," ती म्हणाली. "जिन्यात पडेल तो."