ज्याचे ओठ हलतात

भास्कर मास्तर वर्गात पुटपुटल्यासारखे शिकवत. मागच्या बाकांवर काही ऐकू जायचं नाही. तोच माणूस संध्याकाळी तापीकाठच्या तंबूत पडद्याशेजारी स्टुलावर उभा राहिला, की पलीकडच्या जैनाबादहून नावेने आलेली माणसंही जागची हलत नसत. त्या काळची चित्रं मुकी. मधूनमधून इंग्रजी पाट्या येत, त्या वाचून गोष्ट सांगायचं काम मास्तरांकडे होतं. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो आणि तंबूत त्यांच्या पायाशी बसून तबला वाजवायचो.

नुसत्या पाट्यांवर त्यांचं भागत नसे. राजा, चोर, म्हातारी, सगळ्यांना ते वेगळा आवाज देत. "पडद्यावर ज्याचे ओठ हलतात त्याला बोलू द्यायचं, वसंता. पाटी येवो न येवो," असं ते मला हजारदा म्हणाले असतील. एकदा रवंथ करणाऱ्या गाईलाही त्यांनी दोन वाक्यं दिली होती. लोक हसून बेजार झाले.

एका वर्षी तंबूवाल्या शेटजींनी अमेरिकेचं एक गाजलेलं चित्र आणलं. तसं चित्र आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. केवढी ती लढाई, केवढा धूर, आणि लगेच एका बाईचे पाणावलेले डोळे, अगदी जवळून. मास्तर भारावून गेले. गोष्ट मात्र अशी, की गुलामीतून सुटलेले काळे लोक म्हणजे जनावरं, आणि पांढरे बुरखे घालून त्यांना मारत सुटलेले गोरे घोडेस्वार म्हणजे तारणहार. शेवटी ते स्वार दौडत आले तेव्हा मी तबल्यावर अशा टापा उठवल्या आणि मास्तरांनी असा आवाज चढवला, की सगळा तंबू टाळ्या पिटू लागला.

खेळ सुटल्यावर जैनाबादचे एक केळीवाले काका नावेकडे जाताजाता थांबले. "मास्तर, बाकी सब समजलं," ते म्हणाले. "लेकिन त्या काळ्या मानसाला पकडलं, तवा तो काय बोलत होता? ते तुमी सांगितलंच नाही."

मास्तरांनी वळून रिकाम्या पडद्याकडे पाहिलं. तिथे पाटी नव्हती, आणि चित्राच्या नादात त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी मुकं ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत ते सारखं तेच बोलत होते. तरुणपणी नाटकात त्यांनी तोंड रंगवलं होतं, त्यामुळे ते काळे लोक म्हणजे बरेचसे तोंडाला काळं फासलेले गोरे नटच आहेत, कानामागे रंग पोचलेला नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. मग हे काम सोडून द्या, असं मी म्हणालो. "का सोडू?" ते म्हणाले. "बनवणारा थोर आहे, वसंता. इतकं खोटं त्याने इतकं सुंदर सांगितलं, हीच तर भीती आहे. उद्या साहेबाने आपलं असं चित्र काढलं, तर आपल्या वतीने कोण बोलणार?"

शेटजींच्या कानावर हे गेलंच. पाटीवर असेल तेवढंच सांगायचं, नाहीतर स्टूल दुसऱ्याला देईन, असं त्यांनी बजावलं. मास्तरांचा त्या स्टुलावर किती जीव होता ते मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी ते पुन्हा स्टुलावर चढले.

तो पकडलेला माणूस पडद्यावर आला आणि मास्तर बोलले. वर्गातल्या त्यांच्या त्याच पुटपुटत्या आवाजात. "मी काही केलं नाही. मला घरी जाऊ द्या." मागच्या रांगेपर्यंत शब्दन् शब्द ऐकू गेला. मग स्वार निघाले. मी तबल्यावर हात उगारला, तर मास्तरांनी वाकून माझं मनगट धरलं. ते सगळे घोडे आवाजाशिवाय धावत राहिले. किती भयंकर दिसत होते ते! एकही टाळी पडली नाही. मी एवढ्या मैफली ऐकल्या, पण तसली शांतता पुन्हा अनुभवली नाही.

स्टूल गेलं. त्यानंतर मास्तर तिकीट काढून लोकांत बसत, आणि पडद्यावर कुणी बोलू लागलं की त्यांचेही ओठ हलत.

पुढे बोलपट आले. मास्तर तेव्हा फार थकले होते, तरी मी त्यांना एक दाखवायला नेलं. परतताना विचारलं, आता तुमच्यासारख्यांचं कामच संपलं ना? ते वाटेत थांबले, दम घेतला.

"बोलणारे आता आपलं आपण बोलतील," ते म्हणाले. "तू गप्प कोण बसलंय तेवढं बघत जा."

पावसाळ्याआधी ते गेले. मी अजून तेवढं बघतो.