पिंपळवंडीनं हुर्यो उडवली

“अरे, ह्यांना कुणीतरी ओरडायला सांगा रे!” आमचा डायरेक्टर निखिल माइकवरून किंचाळला. पाचवा टेक वाया गेला होता. स्टेजसमोर पिंपळवंडीची दोन-तीनशे माणसं मांडी घालून बसली होती. कीर्तनाला बसावं तशी, शांत.

मी टीव्ही मालिकांची साउंड रेकॉर्डिस्ट. म्हणजे हेडफोन लावून नटांचा आवाज टिपणारी बाई. ही मालिका विनोदी होती. पुण्यातल्या एका रॉक अँड रोल बँडला कुणी काम देत नाही, म्हणून तो जत्रांमध्ये वाजवत हिंडतो. त्या दिवशीचा सीन अगदी सोपा. बँड वाजवतो, गाव हुर्यो उडवतं, बँड पळ काढतो. बस्स!

पिंपळवंडी माझं माहेर. लोकेशन मीच सुचवलेलं. “तमाशा ऐकून कान तयार झालेली माणसं आहेत. असं पब्लिक स्टुडिओत मिळणार नाही,” असं मीटिंगमध्ये छातीठोकपणे बोलून बसले होते. आता चॅनेलच्या मॅडम खुर्चीतून उठून माझ्याकडे आल्या.

“सुमनताई, ऊन आहे तोवर बघू. नाहीतर पॅकअप. हा सीन आणि गावातलं पुढचं दहा दिवसांचं शूटिंग, सगळंच मुंबईला स्टुडिओत करू.”

दुसऱ्या दिवशी स्टेजच्या मैदानात लग्नाचा मांडव पडणार होता, त्यामुळे परत संधी नव्हती. युनिटसाठी गावानं घरातल्या खोल्या मोकळ्या करून दिल्या होत्या. ‘तुमच्यामुळे शूटिंग गेलं’ हे यांना कुठल्या तोंडानं सांगणार होते मी?

पहिल्या रांगेत सदूनाना बसले होते, माझे चुलते. उभी हयात तमाशाच्या फडात ढोलकी वाजवण्यात गेली. मी तडक त्यांनाच विचारलं, “नाना, ओरडत का नाही हो कुणी?”

“कसं वरडायचं? काल भोंग्यावर तूच सांगितलं व्हतं न्हवं? पावणं येत्यात, त्यास्नी दुखवू नका, माजी लाज राखा म्हनून.”

मी कपाळावर हात मारून घेतला. खरंच सांगितलं होतं! पुन्हा माइक हातात घेऊन मी सगळ्यांना बजावलं, “काल बोलले ते विसरा. आज बिनधास्त शिव्या घाला.”

सहाव्या टेकला आवाज आला. काय आला, तर मैदानाकडेच्या पिंपळाखालून एकजण हसत हसत म्हणाला, “बरं पावणं, आता घरी जाता का? राग मानू नका हं.”

निखिलनं डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटली.

“नाना, अहो चिडा ना जरा!”

“चिडू कशावर? गानं तर झ्याक चाललंय.”

आणि माझी ट्यूब पेटली. गाणं झ्याकच चाललं होतं, कारण ते स्टेजवर कुणी वाजवतच नव्हतं. याला प्लेबॅक म्हणतात. मुंबईच्या पट्टीच्या वादकांनी आधीच रेकॉर्ड केलेलं गाणं स्पीकरवर लावायचं आणि नटांनी नुसते हात हलवायचे. सुरेल गाण्याची हुर्यो उडवा, असं आम्ही जाणत्या माणसांना सांगत होतो.

मी निखिलला म्हटलं, “प्लेबॅक बंद कर. पोरांना खरं वाजवू दे.”

“ताई, त्यांना नीट येत नाही.”

“मग? आपल्या मालिकेतल्या बँडला तरी कुठे येतं?”

त्यानं उन्हाकडे बघितलं. मग म्हणाला, “किती वेळ लागेल?”

“वीस मिनिटं.”

गिटारच्या वायर जोडल्या, ड्रमला माइक लावले. त्या घाईत माइकची रिकामी लाकडी पेटी स्टेजवरच राहिली. माझ्या हाताखाली कुणी असं केलं असतं, तर मी त्याला सोलून काढलं असतं. ऊन पिंपळाच्या शेंड्यावर गेलं होतं.

सातवा टेक. ड्रमर झालेला ओंकार असा घाबरला, की पहिल्या ओळीपासूनच ठेक्याच्या पुढे पळत सुटला. गिटार मागे, गाणारा त्याच्याही मागे. मी नानांकडे बघत होते. त्यांच्या मांडीवरचं बोट ठेका धरायला जायचं आणि चुकायचं. शेवटी त्यांना राहवेना. ते ताडकन उठले.

“आरं ए! पळतुस कुठं? कुनी मागं लागलंय का तुज्या?”

झालं! बांध फुटला.

“आमचा ट्रॅक्टर बरा वाजतोय राव ह्याच्यापरास!”

“गिटारवालं, झोप झाली का?”

शिट्ट्या, हशा, आरडाओरडा. हेडफोनमध्ये माझे कान फाटायची वेळ आली आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! हवी ती हुर्यो मिळाली होती.

पण नाना थांबलेच नाहीत. चपला खाली काढल्या, स्टेजला हात लावून कपाळाला लावला आणि वर चढून थेट माझी ती रिकामी पेटी ढोलकीसारखी पुढ्यात घेऊन बसले. “माज्याकडं बग,” ओंकारला म्हणाले आणि थाप टाकली.

निखिलनं कट म्हटलं नाही. नानांजवळ एकही माइक नव्हता. मग काय, बूम घेतला, म्हणजे लांब काठीला लावलेला माइक, आणि चोपन्नाव्या वर्षी, साडी खोचून, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून स्टेजवर पोटावर सरपटत गेले. डोक्यावर नानांची थाप कडकडत होती. ओंकार हळूहळू तिच्यावर आला, मग गिटार आली, मग गाणारा. समोर माणसं उभी राहिली, टोप्या उडाल्या. म्हाताऱ्या बायकासुद्धा टाळ्यांनी ठेका धरत होत्या. गाणं संपलं आणि ऊन गेलं.

बँडनं पळ काढायचा सीन राहिलाच. निखिलनं एपिसोडचा शेवटच बदलला. मॅडम म्हणाल्या, “पुढचे दहा दिवस याच गावात.” ओंकारनं नानांच्या पायाला हात लावला आणि उद्या शिकायला किती वाजता येऊ, असं विचारलं. मी अजून पालथीच होते. नाना वाकून हळूच म्हणाले, “सुमे, पावण्याला लई बोललो का गं? तुजी लाज राखली न्हवं?”

मी नुसती मान हलवली आणि ढसाढसा रडले.

आता कुठल्याही गावात शूटिंग असलं, तरी भोंग्यावरून मी एवढंच सांगते, की जेवण दोन वाजता आहे.