एक वार कमी

माझ्या बायकोच्या मामांइतका सावध माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा नसेल. हे मी जावयाच्या आकसानं म्हणत नाही. आकस आहे, आणि त्याचं कारणही सांगणार आहे, पण मामांचा सावधपणा त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. २००२ साली आम्ही ओहायोत, डब्लिनला राहायला गेलो तेव्हा मामा आम्हांला घ्यायला विमानतळावर आले होते. विमान वेळेवर उतरलं, आणि मामा त्याच्याआधी चार तास येऊन बसले होते. "विमान लवकर आलं असतं म्हणजे?" हे त्यांचं स्पष्टीकरण. घरी जाताना त्यांनी एकदाही डावीकडे वळण घेतलं नाही. समोरून येणाऱ्या गाड्यांचा अंदाज चुकू शकतो, म्हणून डावीकडे जायचं असेल तर ते तीनदा उजवीकडे वळत. त्यामुळे कोलंबसच्या आसपासच्या अनेक वस्त्या मला नाइलाजानं पाठ झाल्या. बर्फ उपसायचं फावडं त्यांच्या डिकीत जूनपर्यंत असे. महाराष्ट्र मंडळाच्या सभेत कुठल्याही ठरावावर मत द्यायची वेळ आली की मामा चहा बघायला आत जात. गणपतीच्या जेवणात मठ्ठा ठेवायचा की ताक, या ठरावाच्या वेळीसुद्धा गेले होते.

मूळचे नागपूरचे. एका मोठ्या विमा कंपनीत पंचवीस वर्षं जोखमीची गणितं मांडत होते. कोणाचं घर जळेल, कोण कितव्या वर्षी मरेल, कुठल्या गावात गारपीट होईल, सगळं त्यांच्या तक्त्यांत. त्याच कंपनीत पुढे मलाही नोकरी लागली, सॉफ्टवेअरच्या विभागात. मामांनी शब्द टाकला असेल असं कोणाला वाटेल. टाकला नव्हता. उलट मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला गाडीत बजावलं, "जावईबापू, हापिसात आपलं नातं काढायचं नाही. लोक काय काय बोलतात." नातं अर्थातच आठवडाभरात सगळ्यांना कळलं, कारण आम्ही रोज एकाच गाडीतून यायचो, आणि दोघांच्याही डब्यात मामींची भाजी असायची.

पण हाच माणूस शनिवारी वेगळाच असे. मामांनी इकडे आल्यावर एका लहानशा सरकारी विद्यापीठात एम.एस. केलं होतं. डब्लिनपासून तासाभरावर, मक्याच्या शेतांमध्ये ते विद्यापीठ होतं, आणि त्याची एक अमेरिकन फुटबॉलची टीम होती. आमच्या भागातला झाडून प्रत्येक माणूस मोठ्या, जिंकणाऱ्या टीमचा भक्त. मामा मात्र या हरणाऱ्या टीमला धरून राहिले होते. शनिवारी दुपारी मोहरीच्या रंगाचा, कोपरावर विरलेला स्वेटशर्ट चढवून ते टीव्हीसमोर बसत आणि जन्मभर साठवलेला सगळा बेदरकारपणा त्या पडद्यावर ओतत. "जा ना बे! जा! घाबरतो काय? आई-बापानं दूध नाही पाजलं काय?" मामी स्वयंपाकघरातून म्हणत, "आठवडाभर ससा आणि शनिवारी वाघ."

त्यांचा राग सगळा कोचवर. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. दहा यार्ड पुढे जायला टीमला चार प्रयत्न मिळतात. तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर चौथ्याला दोन वाटा असतात. हिंमत करून उरलेलं अंतर मिळवायचं, मिळालं नाही तर बॉल जागच्या जागी समोरच्याला द्यायचा. किंवा आधीच बॉलला लाथ मारून तो लांब, समोरच्याच्या हद्दीत खोल पाठवायचा आणि त्याला तिथून सुरुवात करायला लावायची. ही लाथ म्हणजे सभ्य शरणागती. मामांच्या कोचला ही लाथ फार प्रिय होती. मामांनी दहा वर्षांच्या सामन्यांचं गणित मांडून सिद्ध केलं होतं की अंतर एकाच यार्डाचं उरलं असेल तर न घाबरता पुढे जाणंच फायद्याचं. ते यार्ड म्हणत नसत, वार म्हणत. "नऊवारी नेसणाऱ्या माउलीचा मुलगा आहे मी. एक वार म्हणजे किती, ते मला नका सांगू. एका वारात पदरसुद्धा होत नाही!"

दर सोमवारी ते कोचला पत्र लिहीत. ईमेल नाही, टपालानं, सोबत तक्ते जोडून. मसुदा मला गाडीत वाचून दाखवत, म्हणजे मी वाचायचो आणि ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ऐकायचे. चार हंगाम उत्तर आलं नाही. पाचव्या हंगामात एक पाकीट आलं. आत कोचचा हसरा रंगीत फोटो, खाली छापील सही आणि "तुमच्या पाठिंब्याबद्दल आभार". मामींनी तो हौसेनं फ्रिजवर लावला. संध्याकाळी बघतो तर मामांनी त्याचं तोंड फ्रिजकडे केलं होतं.

२००६च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी मला सामन्याला नेलं. थंडी अशी की थर्मासमधला चहा कपात पडेपर्यंत कोमट होई. स्टेडियम अर्धं रिकामं. समोरची टीम तगडी, आणि तरीही आम्ही तीन गुणांनी पुढे! शेवटची दोन-अडीच मिनिटं उरली, बॉल आमच्याकडे, समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपासून चाळीस यार्डांवर, चौथा प्रयत्न, आणि उरलेलं अंतर एक यार्ड. तेवढं मिळालं असतं तर पुन्हा चार प्रयत्न, वेळ संपेपर्यंत बॉल आमच्याकडेच, आणि सामना आमचा. मामा उभे राहिले. त्यांनी टोपी काढली. लाथ मारणारा पोरगा मैदानात धावत येताना दिसला तेव्हा ते ओरडलेसुद्धा नाहीत, नुसतं "नको रे बाप्पा" म्हणाले, एखाद्याला कठड्यावर चढताना बघून म्हणावं तसं. बॉल जोरात गेला, थेट शेवटच्या रेषेपार. नियमाप्रमाणे समोरच्यांना तो त्या रेषेपासून वीस यार्डांवर मिळाला. म्हणजे सगळी कमाई वीस यार्डांची. तेवढं अंतर त्यांनी तीन खेळ्यांत भरून काढलं, आणि घड्याळात काही सेकंद उरले असताना सामना जिंकला. लोक निघून गेले. मामा बाकावर बसून राहिले, सफाईवाले येईपर्यंत. "हरलो नाही हो," ते म्हणाले, "देऊन टाकला."

त्या हिवाळ्यात विद्यापीठानं माजी विद्यार्थ्यांसाठी नाश्ता ठेवला होता, त्यात कोचला प्रश्न विचारता येणार होते. मामा टाय बांधून, फाइल घेऊन गेले; मला सोबत नेलं. सगळ्यांचे प्रश्न गोडगोड. मामा उभे राहिले, आणि त्यांच्या नागपुरी इंग्रजीत आकड्यांसकट विचारते झाले, की साहेब, तुम्ही चौथ्या प्रयत्नाला एवढं का घाबरता? खोलीत चमचे वाजायचे थांबले. कोच म्हणजे डोळ्यांखाली पिशव्या आलेला, थकलेला, धिप्पाड माणूस. त्यानं फाइलकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, तुमचे आकडे बरोबर असतील. पण मी पुढे गेलो आणि फसलो, तर पेपरात माझं नाव येतं. लाथ मारून हरलो, तर बचाव करणाऱ्या पोरांचं नाव येतं. माझी दोन मुलं कॉलेजात आहेत." लोक हसले. मामा खाली बसले.  गाडीत, डब्लिनचा फाटा आला तेव्हा म्हणाले, "खरं बोलला. पण भित्रा माणूस खरं बोलला म्हणून शूर होत नाही."

आता माझ्या आकसाकडे येतो.

२००८च्या सुरुवातीला कंपनीनं काही विभाग बंद करायचं ठरवलं. आमच्या सहा जणांच्या गटाचं काम बाहेरच्या फर्मला द्यायचा विचार होता. निर्णय पाच जणांची समिती घेणार होती, आणि त्या पाचांत मामा होते. गणित त्यांनीच मांडलं होतं, आणि ते आमच्या बाजूचं होतं. आमचा गट ठेवण्यातच कंपनीचा फायदा होता. माझी ग्रीन कार्डाची फाइल निम्म्यात होती, मुलगी पहिलीत. सोमवारी गाडीत मामा आपणहून म्हणाले, "काळजी करू नका. गुरुवारी मी बोलतो. आकडे माझे आहेत." मी घरी येऊन हिला सांगितलं. तिनं देवापाशी साखर ठेवली.

गुरुवारी संध्याकाळी मामा गाडीत हवामानाबद्दल बोलले. शुक्रवारी सकाळी आम्हां सहा जणांच्या हातात पाकिटं आली.

मी टेबल आवरत होतो तेव्हा समितीतली एक बाई आली. मला नीट ओळखतही नव्हती. हळूच म्हणाली, "आम्ही तुमच्या अंकलची वाट बघत होतो. साहेबांनी विचारलं, कोणाची हरकत आहे का. ते बोलले असते तर आम्ही दोघं त्यांच्या मागे उभे राहिलो असतो. ते पाणी प्यायले."

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. मामींनी पाटवडीचा रस्सा केला होता. मी जेवलो नाही. मामा गॅरेजमध्ये होते, शिडीच्या पायांना रबरी टोप्या बसवत.

"मामा, मीटिंगमध्ये काय झालं?"

"वातावरण नव्हतं हो बोलण्याचं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "साहेबांचं मन आधीच बनलं होतं. म्हटलं, पुढच्या मीटिंगला..."

"पुढची मीटिंग नव्हती."

"लोक म्हणाले असते, आपल्या माणसासाठी बोलला. तीन वर्षं राहिलीत हो माझी रिटायरमेंटला."

"तुमची मुलं तर कॉलेजातही नाहीत," मी म्हणालो.

मामांचं लग्न होऊन तीस वर्षं झाली होती आणि त्यांना मूल नव्हतं. हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मला कोचचं उत्तर त्यांना परत करायचं होतं, बाकी काही नाही. पण गॅरेजच्या दारात मामी उभ्या होत्या, हातात माझ्यासाठी डबा. डबा त्यांनी तरीही दिला. मामा शिडीशी वाकलेले होते ते तसेच राहिले.

मला जूनमध्ये कॅलिफोर्नियात काम मिळालं, सांता क्लाराला, पगार कमी. घर फ्रीमाँटला. ग्रीन कार्डाची फाइल पुन्हा पहिल्यापासून. निघायच्या दिवशी मामा सकाळी सहाला हजर. त्यांनी भाड्याच्या ट्रकच्या सगळ्या चाकांची हवा तपासली, खोकी दोरानं बांधली, गाठींवर पुन्हा गाठी मारल्या, आणि माझ्या हातात कागदांचा गठ्ठा दिला. ओहायो ते कॅलिफोर्निया रस्ता, त्यांनी स्वतः आखलेला, एकही अवघड घाट लागणार नाही असा, सरळ रस्त्यापेक्षा तीनशे मैल लांबचा. शेजारी वाटेतल्या प्रत्येक पेट्रोल पंपाची नोंद. मी तो नेब्रास्कात एका पंपावर कचऱ्यात टाकला. ट्रकमध्ये येऊन बसलो तर ही खाली उतरली, गेली, आणि गठ्ठा उचलून घेऊन आली.  आम्ही गेलो मामांच्याच रस्त्यानं.

फोन हिचे आणि मामींचे होत. मामा मागून विचारत, "गाडी बरी चालते ना?" आणि ही माझ्याकडे बघून म्हणे, "चालते."

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी, आमच्याकडे जेवणाची वेळ होती, फोन वाजला. मीच उचलला. मागे गाड्यांचे भोंगे आणि वारा.

"जावईबापू, मी मामा. स्टेडियमच्या पार्किंगमधून बोलतो."

गाडीच्या आसपास असताना मोबाइलला हात न लावणारा माणूस. मी विचारलं, "मामी बऱ्या आहेत ना?"

"आहे, आहे. इथंच आहे, कुडकुडते." मग म्हणाले, "आज गेला तो."

"कोण?"

"कोच. चौथ्याला गेला. एक वार हवा होता, शेवटची तीन मिनिटं, आपण पुढे होतो. पोरगा लाथ मारायला निघाला, यानं हात धरून बसवला त्याला."

"मिळाला?"

"नाही. अर्धा वारही नाही. हरलो." वारा जोरात आला, काही शब्द गेले. "...सगळं स्टेडियम त्याची हुर्यो उडवत होतं. त्याची नोकरी जाते आता, या हंगामात नक्की. मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. एकटाच. मागच्या माणसानं शेंगा फेकून मारल्या मला."

मी हसलो. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या बोलण्यावर हसलो. तेही हसले असावेत. 

"त्या दिवशी पाणी प्यायलो मी," मामा म्हणाले. "तहान नव्हती."

स्वयंपाकघरातून ही माझ्याकडे बघत होती; कोणाचा फोन ते तिला कळलं होतं. मुलगी ताटावर बसून काहीतरी इंग्रजीत गुणगुणत होती. मला म्हणता आलं असतं, जाऊ द्या मामा. गॅरेजमधल्या त्या वाक्याबद्दलही बोलता आलं असतं. दोन्ही शब्द अगदी जिभेवर होते, आणि पलीकडे ते थांबले होते, हे मला ऐकू येत होतं.

मी विचारलं, "थंडी पडली का तिकडे?"

"पडली ना," मामा म्हणाले. "कालच स्वेटर काढले."